जोडणी ड्रायव्हरला सांगा, वायर कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शैक्षणिक वर्ष संपले की पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या प्रयोगशाळा आवरल्या जातात, आणि मागे पंचवीस छिद्रांचा प्रिंटर पोर्ट (म्हणजेच समांतर पोर्ट) असलेले जुने संगणक भंगाराच्या यादीत जातात. त्यांच्यासोबत खोकाभर छोटे एलसीडी डिस्प्लेही निघतात आणि त्यातल्या कित्येकांवर 'खराब' अशी चिठ्ठी असते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार हा माल नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच जायला हवा, याबद्दल दुमत नाही. पण त्याआधी एक विनंती आहे. त्या खोक्यातल्या पुष्कळशा डिस्प्लेंना काहीही झालेले नसते. बोर्डावर जोडणी एका पद्धतीची असते, संगणकातला ड्रायव्हर (डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम) दुसरी पद्धत धरून चालतो, आणि मधल्या मध्ये डिस्प्ले बदनाम होतो. पुढचा मजकूर थोडा तांत्रिक आहे, पण शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना थेट वापरता यावा म्हणून तपशिलात लिहीत आहे.

हे अक्षर-डिस्प्ले हिताचीच्या एचडी४४७८० कंट्रोलरवर किंवा त्याच्याच आज्ञा समजणाऱ्या दुसऱ्या चिपवर चालतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत 'जेएचडी १६२ए' म्हणून मिळतो तो याच कुळातला. त्याच्या सोळा पिना अशा: १ ग्राउंड, २ पाच व्होल्ट, ३ कॉन्ट्रास्ट, ४ आरएस (आलेली गोष्ट आज्ञा की अक्षर ते सांगणारी), ५ आर-डब्ल्यू (वाचायचे की लिहायचे ते सांगणारी), ६ ई (जिच्या पल्सवर डिस्प्ले डेटा उचलतो ती), ७ ते १४ डेटा (डी० ते डी७), १५ आणि १६ बॅकलाइट. पोर्टाच्या बाजूला डेटासाठी २ ते ९ या आठ पिना आणि संगणकाला वर-खाली (साधारण पाच किंवा शून्य व्होल्टवर) करता येतील अशा नियंत्रणाच्या चार: १ स्ट्रोब, १४ ऑटोफीड, १६ इनिट, १७ सिलेक्ट-इन. १८ ते २५ ग्राउंड.

डेटाच्या आठ वायरींवरून सहसा घोळ होत नाही. घोळ होतो तो आरएस, आर-डब्ल्यू आणि ई या तिघांवरून. लिनक्सच्या 'पॅनेल' ड्रायव्हरमध्ये (मूळ लेखक विली तारो) तयार प्रोफाइल न घेता पिनाही सांगितल्या नाहीत तर साध्या समांतर डिस्प्लेसाठी आरएस १७ वर, आर-डब्ल्यू १६ वर आणि ई १४ वर धरली जाते. एलसीडीप्रॉक या डिस्प्लेवर माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'विनॅम्प' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणीत आरएस १६ वर, आर-डब्ल्यू १४ वर आणि ई १ वर असते. त्याच सॉफ्टवेअरच्या चार-बिट जोडणीत तर नियंत्रणाच्या पिनांना हातच लावलेला नसतो: पोर्टाच्या २ ते ५ डिस्प्लेच्या डी४ ते डी७ कडे जातात, ६ वर आरएस, ७ वर आर-डब्ल्यू, ८ वर ई.

आता विनॅम्प पद्धतीचा बोर्ड पॅनेल ड्रायव्हरच्या मूळ मांडणीवर लावला तर काय होते पाहा. ड्रायव्हर ई समजून १४ हलवत राहतो आणि ती वायर डिस्प्लेच्या आर-डब्ल्यूला गेलेली असते. १६ तो आर-डब्ल्यू समजून खाली धरून ठेवतो, म्हणजे डिस्प्लेची आरएस कायम शून्यावर. खरी ई स्ट्रोबवर आहे आणि तिच्याकडे ड्रायव्हर बघतही नाही. डिस्प्लेपर्यंत एकही पल्स पोचत नाही, वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन दिसतात, खालची ओळ कोरी राहते. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे: एकाच ओळीत काळे चौकोन म्हणजे विजेचा पुरवठा आहे, कॉन्ट्रास्ट आहे, फक्त सुरुवातीच्या आज्ञा पोचलेल्या नाहीत. अशा वेळी सोल्डरिंग आयर्न गरम करायची गरज नसते.

कारण त्या ड्रायव्हरला जोडणी सांगता येते. प्रोफाइल ० म्हणजे 'मी सांगतो तशी', आणि मग एलसीडी_ई_पिन, एलसीडी_आरएस_पिन, एलसीडी_आरडब्ल्यू_पिन, एलसीडी_बीएल_पिन हे पॅरामीटर (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या फाइलीत ही नावे रोमन छोट्या अक्षरांत लिहायची). प्रत्येकाची किंमत उणे १७ पासून १७ पर्यंत. १ ते १७ म्हणजे पंचवीस पिनी प्लगवरची ती पिन थेट जोडलेली. ० म्हणजे पोर्टाला जोडलेलीच नाही, उदाहरणार्थ ग्राउंडला बांधलेली. उणे चिन्ह म्हणजे त्याच पिनेवरून पण मध्ये ट्रान्झिस्टर किंवा इन्व्हर्टर (सिग्नल उलटवणारे गेट) घालून. वरच्या विनॅम्प बोर्डासाठी ई १, आरएस १६, आर-डब्ल्यू १४ एवढे लिहिले, ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवला, की तोच 'खराब' डिस्प्ले बोलू लागतो. एकही वायर न हलवता.

उणे चिन्हाच्या बाबतीत जाणकारही फसतात. पोर्टाच्या नियंत्रण रजिस्टरमध्ये (ज्या घरात बिट लिहून पिना हलवतात त्यात) १, १४ आणि १७ या पिना मुळातच उलट्या आहेत: बिटमध्ये एक लिहिला की पिन खाली जाते. १६ मात्र सरळ आहे. हे ठाऊक असलेला माणूस 'स्ट्रोब उलटी असते' म्हणून उणे १ लिहितो आणि सगळे बिघडते. पोर्टाच्या पोटातला हा उलटेपणा ड्रायव्हर स्वतःच सांभाळतो. आपण लिहायचे ते फक्त प्लगच्या बाहेर, आपल्या बोर्डावर काय आहे ते.

डिस्प्ले जोडण्याआधी दहा मिनिटे मल्टिमीटरला द्यावीत. आधी हा पोर्ट वापरणारे ड्रायव्हर उतरवावेत. बहुतेक जुन्या संगणकांत पहिल्या पोर्टाचा डेटा रजिस्टर हेक्स (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ३७८ वर, स्थिती ३७९ वर आणि नियंत्रण ३७ए वर असते. ३७ए वर हेक्स ०बी लिहिले की चारही नियंत्रण पिना शून्य व्होल्टवर आल्या पाहिजेत. ०४ लिहिले की चारही वर गेल्या पाहिजेत. ०० लिहिले तर १, १४ आणि १७ वर, १६ खाली. ही तीन वाचने बरोबर आली तर पोर्ट जिवंत आहे आणि आपण योग्य पत्त्यावर आहोत. वर्गात बिट म्हणजे काय हे फळ्यावर समजावण्यापेक्षा हा काटा हलताना दाखवावा, असे माझे ठाम मत आहे.

आर-डब्ल्यूबद्दल: पॅनेल ड्रायव्हर डिस्प्लेकडून काहीच वाचत नाही, आज्ञेनंतर ठरलेला वेळ थांबतो. म्हणून ही पिन डिस्प्लेपाशीच ग्राउंडला बांधावी आणि पॅरामीटर ० ठेवावा. ती पोर्टाला जोडून चुकीच्या वेळी वर गेली, तर डिस्प्ले आणि पोर्ट दोघेही डेटाच्या त्याच आठ वायरी ओढू लागतात आणि त्यात एखादा आउटपुट जाऊ शकतो. शिवाय ती ग्राउंडला बांधली की नियंत्रणाची एक मोलाची पिन बॅकलाइटसाठी मोकळी होते.

स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी वेळा पाळाव्यात. पुरवठा ४.५ व्होल्टवर पोचल्यावर किमान १५ मिलिसेकंद थांबायचे, हेक्स ३० पाठवायचे, ४.१ मिलिसेकंद, पुन्हा ३०, १०० मायक्रोसेकंद, तिसऱ्यांदा ३०, मग ३८. साध्या आज्ञेला ३७ मायक्रोसेकंद लागतात, 'साफ कर' आणि 'घरी ये' या दोन आज्ञांना १.५२ मिलिसेकंद. हे आकडे कंट्रोलरचा ऑसिलेटर २७० किलोहर्ट्झवर चालत असेल तर. स्वस्त मॉड्यूलचा ऑसिलेटर हळू असू शकतो, म्हणून दुप्पट-तिप्पट वेळ सोडलेला बरा.

आता सर्वांत त्रास देणारा दोष. डिस्प्ले चालतो, पण मधूनच एखादे अक्षर दोनदा उमटते किंवा ओळ एका घराने सरकते. दोष प्रोग्राममध्ये शोधला जातो आणि असतो ई वायरीत. पोर्ट जुन्या साध्या पद्धतीत असताना नियंत्रणाच्या चार पिना ओपन-कलेक्टर असतात. खाली ओढायला ट्रान्झिस्टर असतो, वर न्यायला मात्र साधारण ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. दोन मीटर केबल आणि प्लगपाशी बसवलेले गाळणी कपॅसिटर मिळून ४०० पिकोफॅरड धरले तरी वर चढायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदांत जातो, आणि कंट्रोलरच्या डेटाशीटला ई ची कड काही नॅनोसेकंदांत चढलेली हवी असते. कड अशी रेंगाळली की थोड्याशा आवाजानेही कंट्रोलरला एका पल्सऐवजी दोन दिसतात.

उपाय तीन. केबल तीस-चाळीस सेंटिमीटरवर आणावी. ई वायरीवर पाच व्होल्टकडे १ किलोओहमचा पुल-अप (वर ओढणारा रेझिस्टर) द्यावा. त्यानेही भागले नाही तर डिस्प्लेपाशी ७४एचसी१४ ही इन्व्हर्टरची चिप बसवून ई त्याच्या एका गेटमधून न्यावी. श्मिट ट्रिगर असल्याने कड स्वच्छ होते, पण सिग्नल उलटतो. पूर्वी यासाठी दुसरे गेट खर्च करून तो पुन्हा सुलटा करत. इथे मात्र ई च्या आकड्यापुढे फक्त उणे चिन्ह लावायचे: १४ च्या जागी उणे १४. उरलेल्या गेटांचे इनपुट ग्राउंडला बांधावेत आणि चिपच्या पुरवठ्यावर ०.१ मायक्रोफॅरड लावावा.

डेटाच्या वायरी चुकल्या असतील तर त्या शोधायला ओळखीची अक्षरे पुरतात. रोमन मोठ्या लिपीतली ए, बी, डी, एच आणि पी पाठवा. त्यांचे कोड हेक्स ४१, ४२, ४४, ४८, ५०, म्हणजे प्रत्येकात ४० च्या वर एकच बिट. ए च्या जागी ॲट-चिन्ह आले तर डी० खाली अडकला आहे. बी च्या जागी सी आले तर डी० वर अडकला आहे. ए पाठवून बी दिसत असेल तर डी० आणि डी१ ची अदलाबदल झाली आहे, आणि याची आणखी एक साक्ष मिळते: 'साफ कर'चा ०१ पोचताना ०२, म्हणजे 'घरी ये' होतो, त्यामुळे जुना मजकूर पुसला जात नाही, आणि ०६ चा ०५ झाल्याने लिखाण उलट्या दिशेने सरकू लागते. डी६ आणि डी७ बदलले तर पहिल्या ओळीचा पत्ता ८० न जाता ४० जातो, म्हणजे कंट्रोलर अक्षरे पडद्याऐवजी स्वतःच्या आकृती-स्मृतीत टाकत बसतो आणि पडदा कोरा राहतो. विद्यार्थ्याला हा तक्ता पाठ करायला लावू नये. प्लगमध्ये दोन वायरी मुद्दाम बदलून द्याव्यात आणि नुसते पडद्याकडे बघून कोणत्या ते ओळखायला सांगावे.

बॅकलाइटचा प्रवाह पोर्टावरून कधीही घेऊ नये. पिवळ्या-हिरव्या जुन्या मॉड्यूलचा बॅकलाइट शंभर मिलिअँपिअरच्या घरात जाऊ शकतो आणि पोर्टाची पिन काही मिलिअँपिअरची. पाच व्होल्ट संगणकाच्या डिस्कच्या कनेक्टरवरून घ्यावेत: लाल पाच, काळी ग्राउंड, आणि पिवळीत बारा व्होल्ट असतात म्हणून तिला टेप लावून टाकावी. डिस्प्लेच्या १५ आणि १६ मध्ये कोणती धन हे सगळ्या मॉड्यूलांत सारखे नसते, आधी मोजावे, आणि मॉड्यूलवर रेझिस्टर नसेल तर बाहेरून लावावा. चालू-बंद करण्यासाठी ओपन-कलेक्टर पिनेला एनपीएन ट्रान्झिस्टर लावला तर त्याच्या बेसला त्या ४.७ किलोओहममधून एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह मिळतो आणि दिवा मंद लागतो. त्यापेक्षा बीसी३२७ सारखा पीएनपी घ्यावा: एमिटर पाच व्होल्टला, कलेक्टर बॅकलाइटच्या धन टोकाला, बेस १ किलोओहममधून पोर्टाच्या १७ कडे (आरएस दुसरीकडे असेल तर). पिन खाली गेली की दिवा लागतो, म्हणून पॅरामीटर उणे १७. जी पिन जे काम चांगले करते ते तिला द्यायचे आणि उलटसुलट हिशेब एका चिन्हावर सोडायचा, हीच या पद्धतीची खुबी.

चार ओळी आणि वीस अक्षरांच्या डिस्प्लेवर तिसरी-चौथी ओळ दिसत नाही, ही तक्रारही वारंवार येते आणि तिथेही वायर निर्दोष असते. या डिस्प्लेत तिसरी ओळ ही कंट्रोलरच्या दृष्टीने पहिल्या ओळीचाच पुढचा तुकडा असते: ओळींचे पत्ते हेक्स ००, ४०, १४, ५४. ड्रायव्हरमधली बफर-रुंदी (एका ओळीसाठी स्मृतीत धरलेली घरे) ४० राहिली तर तिसरी ओळ हेक्स २८ पासून लिहिली जाते, जिथे पडदाच नाही. उंची ४, रुंदी २०, बफर-रुंदी २०, हार्डवेअर-रुंदी (पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या पत्त्यांतले अंतर) ६४ द्यावी. चाळीस गुणिले चारचा डिस्प्ले मात्र वेगळा: त्यात दोन कंट्रोलर आणि दोन ई असतात, एका ई पॅरामीटरवर तो पूर्ण चालणार नाही.

त्याच ड्रायव्हरने कीपॅडही वाचता येतो, १० ते १३ आणि १५ या स्थितीच्या पिनांवरून. डेटाच्या वायरी दोघांत सामायिक असल्याने प्रत्येक कळीसोबत १एन४१४८ डायोड घालावा, नाहीतर दोन कळा एकदम दाबल्या की डेटाच्या दोन वायरी एकमेकींना चिकटतात आणि पडद्यावर कचरा उमटतो.

मराठी दाखवायचे असेल तर या डिस्प्लेची मर्यादा आधीच सांगितलेली बरी. त्याच्या रॉममध्ये देवनागरी नाही. स्वतःच्या आकृत्यांसाठी पाच गुणिले आठ ठिपक्यांची आठच घरे मिळतात, आणि दोन घरांच्या मध्ये मोकळी फट असल्याने शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. त्यासाठी १२८ गुणिले ६४ चा, केएस०१०८ कंट्रोलरचा ग्राफिक डिस्प्ले घ्यावा. त्यात डाव्या-उजव्या अर्ध्यासाठी निवडीच्या दोन, एक डी-आय (डेटा की आज्ञा ते सांगणारी) आणि एक ई अशा चारच नियंत्रण वायरी लागतात (आर-डब्ल्यू ग्राउंडला, रीसेट रेझिस्टर-कपॅसिटरवर) आणि पोर्टाकडे नेमक्या चारच आहेत. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर आहे, पण त्याची जोडणी ठरलेली आहे, पॅरामीटरने बदलत नाही. इथे वायरच ड्रायव्हरप्रमाणे लावावी लागते.

पोर्टाबद्दल तीन सूचना. यूएसबीला लावायची प्रिंटर केबल इथे उपयोगाची नाही, ती प्रिंटरची भाषा बोलते, सुट्या पिना हलवू देत नाही. पीसीआय कार्ड चालते, पण त्याचा पत्ता ३७८ नसतो, तो आधी पाहून घ्यावा. आणि मागे पोर्ट दिसत नसला तरी अनेक मदरबोर्डांवर २६ पिनांचा हेडर असतो. त्यावरचा क्रम वेगळा असतो, सहसा हेडरची २ म्हणजे प्लगची १४, पण बोर्डाच्या पुस्तिकेत पाहूनच खात्री करावी. ड्रायव्हरला द्यायचे आकडे नेहमी प्लगचे, हेडरचे नव्हेत. संगणक सुरू होताना पडद्यावर कचरा येत असेल तर प्रिंटर शोधणारी सेवा त्या पोर्टावरून काढून टाकावी.

तेव्हा प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांना विनंती अशी की, भंगाराची यादी पुढे पाठवण्यापूर्वी समांतर पोर्टचे निदान दोन संगणक बाजूला काढावेत, 'खराब' डिस्प्ले त्यावर या पद्धतीने एकदा तपासावेत, आणि जे चालतील त्यांच्या पाठीमागे कागदाची पट्टी चिकटवून ई, आरएस, आर-डब्ल्यू, बॅकलाइट हे चार आकडे चिन्हांसकट आणि त्याखाली उंची, रुंदी, बफर-रुंदी लिहून ठेवावी. प्रात्यक्षिकाच्या वहीतही प्रोग्रामच्या आत पिना कोरण्याऐवजी हेच आकडे वेगळ्या फाइलीतून वाचायला सांगावे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना बोर्ड बदलला तरी प्रोग्राम पहिल्यापासून लिहावा लागणार नाही.

आपला,
एक वाचक, पुणे